अब्बांच्या खिशातली पुडी

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आरोग्यावर बोला असं मला सांगितलं गेलं, आणि लगेच पुढे सांगितलं गेलं की मुलं कंटाळतील असं बोलू नका. म्हणून आधी तुम्हालाच कामाला लावते. या क्षणी ज्यांच्या बॅगेत किंवा पाकिटात डोकेदुखीची, कंबरदुखीची, पाळीत घ्यायची अशी एखादी गोळी आहे, त्यांनी हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात आहेत. माझाही आहे. आता ती गोळी डॉक्टरांनी तपासून तुम्हालाच लिहून दिली असेल, तरच हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या.

चार हात उरले. आज मला उरलेल्यांशी बोलायचं आहे. रागवायला नाही, कारण आमच्या घरातही हात खालीच गेले असते.

मी फार्मासिस्ट आहे. औषधाच्या काउंटरमागे उभी राहून आता सहा वर्षं झाली. त्याआधीची माझी सगळी वर्षं इचलकरंजीत गेली. अब्बा यंत्रमागावर होते, अम्मी कांड्या भरायची. बारा तासांची पाळी, पायाखाली फरशी, कानात मागाचा खडखडाट. अब्बांची कंबर चाळिशीतच धरायला लागली. ते दवाखान्यात गेले नाहीत. दवाखाना म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा, वर डॉक्टरांची फी. कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र पाच मिनिटांत काम व्हायचं. दुकानदार कागदाच्या पुडीत दोन गोळ्या बांधून द्यायचा, एक पांढरी आणि एक पिवळी. अब्बा शर्टाच्या वरच्या खिशात ती पुडी ठेवायचे. "गोळी टाकली की अंगाचा माग चालू होतो बघ," असं म्हणायचे.

तो दुकानदार वाईट माणूस नव्हता. उधारी ठेवायचा, ईदला घरी यायचा. अब्बाही अडाणी नव्हते, मराठी वर्तमानपत्र रोज वाचायचे. पण पुडीवर वाचण्यासारखं काही नसतं. नाव नाही, माप नाही, तारीख नाही. सहा-सात वर्षं माझे वडील नाव माहीत नसलेलं औषध जवळजवळ रोज खात होते. मध्येच त्यांना रक्तदाबाचा त्रास निघाला. सरकारी दवाखान्यातून बीपीची गोळी सुरू झाली, तिच्या जोडीला लघवी वाढवणारी गोळी. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध घेता का?" अब्बा म्हणाले, "नाही." ते खोटं बोलले नाहीत. दुखण्याच्या गोळीला आमच्याकडे कुणी औषध म्हणतच नव्हतं.

२०१८ साली रमजान मे-जूनमध्ये आला होता. ऐन उन्हाळा. अब्बांनी एकही रोजा सोडला नाही आणि एकही पाळी सोडली नाही. सेहरीला दोन घास, चहा, बीपीच्या गोळ्या आणि ती पुडी. नंतर दिवसभर पाण्याचा थेंब नाही, मागासमोर घामाच्या धारा. ईदनंतर त्यांचे पाय सुजले. तपासलं तेव्हा क्रिएटिनिन ४.१ होतं. पुरुषाचं साधारण १.३ च्या आत असायला हवं. किडन्या बऱ्याचशा गेल्या होत्या.

मी तेव्हा बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला होते. दुखण्याच्या गोळ्या किडनीवर काय करतात, हे मी परीक्षेत लिहून आले होते. त्यावर मार्कही मिळाले होते. पण अब्बांच्या खिशात काय आहे, हे मी एकदाही काढून पाहिलं नव्हतं. आज मी इथे उभी आहे ती त्या गोष्टीमुळे.

आता गोळी काय करते ते थोडक्यात सांगते. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्यं तयार होतात. मार लागला, सूज आली की ती वाढतात आणि दुखणं जाणवतं. ॲस्पिरिन ही द्रव्यं तयार होणंच रोखतं, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड या सगळ्या गोळ्या याच वाटेनं काम करतात. अडचण अशी आहे की हीच द्रव्यं जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतात, आणि शरीरात पाणी कमी पडलं की किडनीचा रक्तपुरवठाही तीच टिकवून धरतात. गोळीला फक्त कंबर ओळखता येत नाही. ती सगळीकडे जाते.

म्हणून या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या की जळजळ होते. अति झालं तर जठरात जखम होते, काळी शौच होते, म्हणजे आत रक्त गेलेलं असतं. आणि बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि दुखण्याची गोळी या तिन्ही एकत्र आल्या की किडनीवर तिहेरी मार बसतो. त्यात उन्हाळा आणि दिवसभर पाणी नाही. अब्बांच्या बाबतीत हेच घडलं. रोज्यानं त्यांची किडनी गेली, असं मी म्हणत नाही. गोळ्यांनी कित्येक वर्षं जे पोखरलं होतं, ते त्या महिन्यात उघड्यावर आलं.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "आमचे चाचा वीस वर्षं तीच गोळी खातात, ठणठणीत आहेत." असतीलही. माझा आजचा खरा मुद्दा तोच आहे. चाचांना चालली म्हणून ती तुम्हाला चालेल असं नाही.

गिधाडांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गुराढोरांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक देत असत. गाईला त्यानं आराम पडायचा. ती गाय मेल्यावर तिचं मांस खाणारी गिधाडं मात्र किडन्या निकामी होऊन पटापट मेली. आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९० च्या दशकापासून पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण कळल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर सरकारनं बंदी घातली. एकच औषध गाईला उतारा आणि गिधाडाला विष. माणसामाणसांत इतकं अंतर नसतं, पण अंतर असतं.

माझ्या घरातलंच सांगते. माझा हात मोडला होता तेव्हा डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल असलेली गोळी पाच दिवसांसाठी दिली. मला त्यानं बेताचाच फरक पडला. दोन गोळ्या उरल्या, त्या डब्यात गेल्या. महिन्याभरानं धाकट्या बहिणीची दाढ ठणकली. तिनं न विचारता त्यातली एक घेतली. रात्रभर उलट्या, डोळे उघडवेनात, हाक मारली तर अर्धवट उत्तर. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, ती बरी झाली. आईबाप एक, घर एक, गोळीही एक, आणि परिणाम दोन टोकांचे.

असं का होतं? वय, वजन, किडनी आणि लिव्हरची ताकद, बरोबरीची दुसरी औषधं, अशी बरीच कारणं असतात. एक कारण जन्मानंच ठरलेलं असतं. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही औषधं लिव्हरमधलं सीवायपी२डी६ नावाचं एक एन्झाइम बदलून देतं, तेव्हा त्यांचा पुरता जोर येतो. कोडीनचं तर मॉर्फिन होतं. काही लोकांत हे एन्झाइम जवळपास कामच करत नाही, त्यांना गोळीचा गुण फारसा येत नाही. काहींच्यात ते फार वेगानं चालतं, त्यांना नेहमीचं मापही जास्त होतं, अगदी श्वास मंदावण्याइतकं. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना ही दोन्ही औषधं द्यायची नाहीत, असं बजावलं. बहिणीची तशी तपासणी झाली नाही, त्यामुळे तिचं कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही. पण उरलेली गोळी डब्यात ठेवणारी मी होते, आणि मी फार्मासिस्ट होते.

दुसरं एक अंतर आपण स्वतःच तयार करतो. एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा दर चार-पाच दिवसांनी डोकेदुखीची पट्टी न्यायचा. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, आता एकीनं भागत नाही." साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच डोकेदुखीला कारण होऊ शकते. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांना १० दिवसही पुरतात. मग डोकं दुखतं म्हणून गोळी आणि गोळी आहे म्हणून डोकं, असं चक्र सुरू होतं. त्या मुलाला मी डॉक्टरांकडे पाठवलं तेव्हा त्याला अपमान वाटला. दोन महिन्यांनी तो चष्मा लावून आला आणि खोकल्याच्या गोळ्या मागितल्या.

आता पॅरासिटामॉल. ती सर्वांत सुरक्षित गोळी मानली जाते, आणि मापात घेतली तर बहुतेकांना ती खरंच चालते. जठराला आणि किडनीला तिचा त्रास कमी. तिचा धोका लिव्हरला असतो, आणि तो मोजण्यातल्या चुकीतून येतो. क्रोसिन, कॅलपोल, डोलो ही नावं वेगळी, आतलं औषध एकच. धडधाकट मोठ्या माणसासाठी २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम. आता हिशेब करा. तापासाठी ६५० ची गोळी चार वेळा घेतली, झाले २६००. सर्दीची गोळी तीन वेळा घेतली आणि तिच्यात प्रत्येकी ५०० पॅरासिटामॉल होतं, झाले १५००. बेरीज ४१००. तुम्ही काही वावगं केलं नाही, फक्त दोन पट्ट्यांची बेरीज केली नाही. ज्यांचं वजन ५० किलोहून कमी आहे, लिव्हरचा आजार आहे किंवा जे नियमित दारू पितात, त्यांची मर्यादा याहून बरीच खाली असते. आणि आपल्यात कुणी पीतच नाही असं धरून हा मुद्दा गाळू नका. अम्मीला सांगायचं नसेल तर नका सांगू, डॉक्टरांना मात्र खरं सांगा.

पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. फसगत तिथेच होते. लिव्हरचं नुकसान आतून सुरू असतं. त्यावर उतारा आहे, आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून चुकून असो की रागाच्या, निराशेच्या भरात असो, कुणी जास्त गोळ्या घेतल्या असं कळलं तर "बरी दिसतेय" म्हणून थांबू नका, १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. आणि मनावरचं ओझं फार झालं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

मुलींशी थोडं वेगळं बोलायचं आहे, मुलांनीही ऐकावं. पाळीच्या दुखण्यात आपल्याला दोन सल्ले मिळतात. घरी म्हणतात, "सहन कर, आम्ही नाही केलं?" मैत्रीण म्हणते, "ही घे, मला लगेच गुण येतो." दोन्हींत तुमचं शरीर कुठेच नाही. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन पाळीच्या दुखण्यावर चांगलं काम करतं. दुखणं सुरू होताच, काही खाऊन, दोन-तीन दिवसांपुरतं घेतलं तर बहुतेक निरोगी मुलींना ते चालतं. दमा असेल, जठराचा किंवा किडनीचा त्रास असेल, गरोदर असाल, तर विचारल्याशिवाय नको. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगानं २०२३ मध्ये एक इशारा दिला आहे. क्वचित कुणाला त्यानं गंभीर ॲलर्जी होते, आणि ती गोळी सुरू केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनीही दिसू शकते. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही झालं तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठा. आणि दर महिन्याला गोळी घेऊनही कॉलेज बुडत असेल, तर गोळी वाढवू नका, तपासून घ्या. एंडोमेट्रिऑसिससारखा आजार बायका वर्षानुवर्षं "सहन" करत राहतात. दुखणं सोसण्यात कुणाची परीक्षा नसते. माझी नणंद एका गोळीत उभी राहते आणि मी राहत नाही, यात माझं काही कमीपण नाही.

रमजानबद्दलही बोलायला हवं. रोज्यात दुपारनंतर डोकं दुखतं, त्याचं एक मोठं कारण चहा-कॉफी एकदम तुटणं हे असतं. शाबानच्या शेवटच्या दोन आठवड्यांत कप हळूहळू कमी करा, सेहरीला पुरेसं पाणी प्या. गोळी लागलीच तर इफ्तारनंतर, पोटात काही गेल्यावर. दिवसभर उन्हात काम असेल तर सेहरीला आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅक घेऊन पाण्याविना राहू नका. बीपी, मधुमेह, किडनीचा आजार असलेल्यांनी रमजानच्या महिनाभर आधी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढायची मोकळीक आहे, हे आपण सगळे जाणतो. अब्बाही जाणत होते. ती मोकळीक घेणं म्हणजे कमजोरी, असं त्यांना वाटायचं. तसं वाटायला लावणाऱ्यांत आम्ही घरचेही होतो.

शेवटी एक काम देते. आज घरी गेल्यावर औषधांचा डबा काढा. प्रत्येक घरात असतो, बहुतेक बिस्किटाचा जुना डबा. नाव नसलेल्या सुट्या गोळ्या बाजूला काढा. मुदत संपलेल्या आणि दुसऱ्या कुणासाठी लिहून दिलेल्या उरलेल्याही. मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा नष्ट करा. राहिलेल्या पट्ट्यांवर मोठ्या अक्षरांतलं नाव सोडून खालचं बारीक वाचा. औषध तिथे लिहिलेलं असतं, किती मिलिग्रॅम तेही. घरात कोण कोणती गोळी रोज घेतं, ते एका कागदावर लिहा आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद न्या. दुखण्याच्या गोळ्याही त्यात लिहा. मूल असेल तर त्याचं औषध वजनावरून मोजून घ्या. थेंबांचं आणि पातळ औषधाचं माप एक नसतं, चमच्यानं फसगत होते. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, २०११ पासून त्यावर बंदी आहे. ॲस्पिरिनही मुलांना आपल्या मनानं देऊ नका. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप तीन दिवसांत किंवा दुखणं आठ-दहा दिवसांत हटलं नाही, तर दुकान नको, दवाखाना. आणि दुकानात मागताना "दुखण्याची गोळी द्या" एवढंच म्हणू नका. "मला बीपी आहे, मी अमुक गोळी घेतो, मला कोणती चालेल?" असं विचारा. माझ्यासारखीला तो प्रश्न आवडतो. समोरचा वैतागला तर दुसरं दुकान बघा.

तुमच्यातल्या काहींच्या घरी अजूनही रोज पुडी येत असेल. त्या माणसाला दम देऊ नका. त्याची कंबर खरंच दुखते आणि खाडा त्याला खरंच परवडत नाही. त्याच्याबरोबर एकदा सरकारी दवाखान्यात जा, रांगेत तुम्ही उभे राहा. रक्ताची क्रिएटिनिनची एक साधी तपासणी करून घ्या. आम्ही ती तीन वर्षं आधी केली असती, तर बरंच काही वाचलं असतं.

अब्बा आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. माग सुटला, पाणी मोजून प्यावं लागतं. परवा त्यांचा गुडघा दुखत होता. त्यांनी मला फोन केला, पट्टीवरचं बारीक नाव एकेक अक्षर लावून वाचून दाखवलं आणि विचारलं, "बेटा, ही मला चालेल का?" मी म्हटलं, "नाही अब्बा, ही नाही." ते म्हणाले, "बरं, मग चालेल ती सांग."

हा प्रश्न तुमच्या घरात वेळेवर विचारला जावा, एवढंच मागणं आहे.